निद्रास्त्र : भीष्माच्या स्वप्नापासून माणकाठच्या छावणीपर्यंत

१/
इ. स. १७००, ऑक्टोबरचा आरंभ. आजच्या सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यात, माण नदीच्या काठी, खवासपूर येथे मोगल बादशहाची छावणी पडलेली होती. मध्यरात्र जवळ आलेली. सारी छावणी गाढ झोपेत. एकाएकी अंधारातून किंकाळ्या उठल्या आणि ८१ वर्षांचा औरंगजेब दचकून जागा झाला. त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की मराठे आत शिरले!

२/
त्या रात्री छावणीत एकही मराठा शिरलेला नव्हता. तरीही त्या रात्रीने बादशहाला जायबंदी केले आणि ते व्यंग मरेपर्यंत त्याची सोबत करीत राहिले. ज्या शत्रूने हल्लाच केला नाही, त्याच्या भयाने इजा कशी व्हावी? याचे उत्तर एका विलक्षण शस्त्राच्या इतिहासात आहे. ते शस्त्र म्हणजे झोप.

३/
आजच्या तरुण पिढीला हे शस्त्र परिचित आहे ते एका खेळामुळे. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये पोकेमॉनचे पहिले खेळ बाजारात आले. त्यातील अद्भुत प्राणी एकमेकांशी झुंजतात. आग, पाणी, वीज अशी अस्त्रे त्यांच्यापाशी असतात, पण जाणकार खेळाडूंना सर्वांत अधिक धास्ती वाटत असे ती ‘हिप्नॉसिस’, ‘स्लीप पावडर’ आणि ‘स्पोअर’ या निद्रास्त्रांची.

४/
कारण उघड आहे. आगीने प्राणी घायाळ होतो, पण उलट वार करू शकतो. झोपलेला प्राणी काहीच करू शकत नाही. पहिल्या पिढीच्या खेळात ही झोप कमाल ७ डावांपर्यंत टिके, आणि ज्या डावात जाग येई तो डावही वाया जाई. ‘हिप्नॉसिस’चा नेम १०० पैकी ६० वेळा लागे, ‘स्पोअर’चा मात्र जवळजवळ हमखास.

५/
मग एखाद्याने प्रतिपक्षाचे सगळेच प्राणी ओळीने झोपवले तर? लढत लढत राहत नाही. एक बाजू मारते आणि दुसरी घोरते. म्हणून जपानमधील १९९७च्या अधिकृत स्पर्धेतच एक मर्यादा घातली गेली: प्रतिपक्षाचा एका वेळी एकच प्राणी झोपवावा. पुढे ‘पोकेमॉन स्टेडियम’ या खेळातही हा नियम आला. खेळाडू त्याला ‘स्लीप क्लॉज’ म्हणतात.

६/
हा नियम आधुनिक वाटतो, पण त्यामागचा प्रश्न फार जुना आहे. जो प्रतिकारच करू शकत नाही त्याच्यावर वार करणे म्हणजे युद्ध, की केवळ हत्या? आणि झोपवण्याची शक्ती हाती असताना ती न वापरण्याइतका संयम कोणाकडून अपेक्षावा? भारतीय परंपरेत या प्रश्नाची पहिली मोठी कथा भीष्माची आहे.

७/
महाभारताच्या उद्योगपर्वात अंबेच्या निमित्ताने भीष्म आणि परशुराम यांचे युद्ध जुंपते. गुरू आणि शिष्य, दोघेही तुल्यबळ. दिवसामागून दिवस जातात, पण निकाल लागत नाही. अशा एका रात्री भीष्म झोपेत असताना त्याच्या स्वप्नात आठ दिव्य पुरुष येतात आणि त्याला पूर्वजन्मीच्या एका अस्त्राची आठवण देतात. त्या अस्त्राचे नाव प्रस्वाप.

८/
प्रस्वाप मारत नाही, निजवते. परशुरामाला ते ठाऊक नाही, म्हणून त्याच्यापाशी प्रतिकारही नाही. तो रणात झोपेल, भीष्म विजयी ठरेल आणि मग ‘संबोधन’ अस्त्राने गुरूला पुन्हा जागे करता येईल. गुरुहत्येचे पातकही लागणार नाही. कथाकाराने अस्त्राबरोबर त्याचा उताराही नाव देऊन सांगितला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

९/
दुसऱ्या दिवशी भीष्म अस्त्र योजण्यास सिद्ध होतो. तोच नारद आणि आकाशस्थ देव त्याला थोपवतात. समोरचा ब्राह्मण आहे, तपस्वी आहे आणि तुझा गुरू आहे, त्याचा असा अवमान करू नकोस, असा त्यांचा आशय. भीष्म अस्त्र आवरतो. जीव जाणार नव्हता. तरीही प्रतिपक्षाला निजवून जिंकणे हे मानहानीकारक ठरले. जगातील एक अतिशय जुना ‘स्लीप क्लॉज’ नारदाच्या तोंडी आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

१०/
विराटपर्वात याच कुळातील अस्त्र प्रत्यक्ष चालते. गोग्रहणाच्या प्रसंगी अर्जुन एकटा कौरवसेनेसमोर उभा राहतो आणि संमोहन अस्त्र सोडून शंख फुंकतो. द्रोण, कृप, कर्ण, अश्वत्थामा, दुर्योधन सारे भान हरपून पडतात. अर्जुन उत्तराला त्यांची वस्त्रे काढून आणण्यास सांगतो, मात्र भीष्माच्या बाबतीत सावध करतो, कारण त्याला या अस्त्राचा प्रतिकार माहीत आहे.

११/
येथे शस्त्राचे दोन नियम दिसतात. पहिला असा, की झोपलेल्यांचे प्राण न घेता केवळ वस्त्रे घेतली, म्हणून ही घटना पराक्रमाची कथा राहिली. कालिदासाच्या रघुवंशातील अजही शत्रुराजांना असेच निजवतो आणि यश घेतले, पण दयेने प्राण घेतले नाहीत, असा मजकूर त्यांच्या ध्वजांवर लिहवतो. दुसरा नियम असा, की सर्व सेना पडली तरी आधीपासून उतारा जाणणारा एक जण उभा राहतो.

१२/
खेळातही नेमके हेच आहे. तिसऱ्या पिढीपासून काही प्राण्यांच्या अंगी ‘इन्सॉम्निया’, म्हणजे निद्रानाशाचा गुण दिला गेला. त्यांना झोप लागतच नाही. काहींच्या गाठीला जाग आणणारे फळ बांधता येते. पुढच्या पिढ्यांत रणभूमीच अशी भारून टाकता येऊ लागली, की तिच्यावर पाय टेकलेल्याला कोणी निजवू शकत नाही. अंगचा गुण, गाठीचे औषध आणि भूमीचा बंदोबस्त असे प्रतिकाराचे तीन प्रकार झाले.

१३/
चौथा प्रकार सर्वांत माणुसकीचा आहे. द्रोणपर्वात चौदाव्या दिवसाचे युद्ध रात्रीही थांबत नाही. मशालींच्या उजेडात लढणाऱ्या सैनिकांचे डोळे मिटू लागतात, हातातील शस्त्रे गळू लागतात. तेव्हा अर्जुन मोठ्याने सुचवतो, की चंद्रोदयापर्यंत दोन्ही सैन्यांनी येथेच झोपावे. कौरवसेनेलाही ते पटते. हत्तींवर, रथांत, उघड्या भूमीवर दोन्ही पक्ष शेजारी शेजारी झोपतात. झोप येथे शस्त्र राहत नाही, ती तह होते.

१४/
आणि काही दिवसांतच सौप्तिकपर्व येते. ‘सौप्तिक’ म्हणजे निजलेल्यांविषयीचे. झाडावर झोपलेल्या कावळ्यांना एक घुबड रात्री मारते, हे पाहून अश्वत्थाम्याला उपाय सुचतो. कृपाचार्य विरोध करतात, तो ऐकत नाही. पांडवांच्या शिबिरात शिरून तो धृष्टद्युम्न, शिखंडी आणि द्रौपदीच्या पाचही पुत्रांना मारतो. या रात्रीनंतर त्याच्या वाट्याला यश आले नाही. भळभळणारी जखम आली. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातही निजलेल्यावर शस्त्र चालवण्यास मनाई आहे.

१५/
धर्मशास्त्राने मनाई केली म्हणून राजनीतीने विषय सोडला नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात प्रस्वापन मंत्र आणि त्यांचे विधी चौदाव्या अधिकरणात दिले आहेत. पण चौथ्या अधिकरणातील एक प्रसंग अधिक बोलका आहे. सिद्धपुरुषांच्या वेषातील हेर चोरट्या वृत्तीच्या तरुणांना सांगतात, की आमच्या मंत्राने पहारेकरी झोपतात. मग ते तरुणांना एका ठरलेल्या ठिकाणी नेतात, आणि तेथील माणसे, आधीच शिकवून ठेवल्याप्रमाणे, झोपेचे सोंग घेतात!

१६/
मंत्रावर विश्वास बसलेले तरुण पुढे खरी चोरी करू लागतात आणि खुणा केलेल्या मालासह पकडले जातात. म्हणजे ज्या ग्रंथात निद्रामंत्र आहेत, त्याच ग्रंथात तो मंत्र चोर पकडण्याचा सापळा म्हणूनही वापरला आहे. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, ही म्हण कौटिल्याच्या हेरांना चपखल लागू पडते.

१७/
कौटिल्याचा सर्वांत धारदार विचार मात्र दहाव्या अधिकरणात, कूटयुद्धाच्या चर्चेत आहे. रात्री छापा पडेल अशी धास्ती शत्रूला घालावी. तो रात्रभर जागेल. दिवसा थकून झोपेल. मग त्याला दिवसा मारावे. येथे मंत्र नाही, चूर्ण नाही, अस्त्रही नाही. भीती जागवते आणि जागरण झोपवते. निद्रास्त्राचा हा खराखुरा, माणसाच्या हाती असलेला प्रकार.

१८/
यातून एक तत्त्व हाती येते. झोपेचे शस्त्र प्रत्यक्ष वापरले नाही तरी ते प्रतिपक्षाकडून किंमत वसूल करते. खेळातील खेळाडू जाग आणणारे फळ प्राण्याच्या गाठीला बांधतो, तेव्हा दुसरे उपयोगी साधन बांधण्याची जागा गमावतो. प्रतिपक्षाकडे ‘स्पोअर’ निघालेच नाही, तरी ती जागा गेलेलीच असते. लष्कराच्या हिशेबात ही किंमत पहारा, गस्त, इंधन आणि माणसांच्या झोपेत मोजावी लागते.

१९/
सतराव्या शतकातील महाराष्ट्रात या तत्त्वाचा पूर्ण विस्तार दिसतो. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. भर पावसातही वेढा ढिला पडेना. तेव्हा शिवाजी महाराजांनी शरण येण्याची बोलणी सुरू केली. लढाई संपली असे वाटून वेढ्यातील माणसे सैलावली, आणि जुलैच्या एका पावसाळी रात्री महाराज गडावरून निसटले. शत्रूला गाफील करणारा निरोप हेच तेथील प्रस्वाप होते. त्या निसटण्याची किंमत बाजीप्रभू आणि त्यांच्या साथीदारांनी घोडखिंडीत प्राणांनी चुकवली.

२०/
तीन वर्षांनी, ५ एप्रिल १६६३च्या रात्री, पुण्याच्या लाल महालात शाएस्तेखानावर छापा पडला. महिना रमजानचा. दिवसभराच्या उपवासानंतर खाऊनपिऊन माणसे झोपलेली. जागे होते ते पहाटेच्या जेवणाच्या तयारीला लागलेले आचारी. छाप्याची वेळ निवडताना कोणती घटका सर्वांत जड असते, याचा विचार झालेला दिसतो. मुदपाकखान्याच्या बाजूची भिंत फोडून मराठे आत शिरले.

२१/
खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार सांगतो, की काही मराठ्यांनी नगारखान्यात जाऊन खानाच्याच नावाने वाद्ये वाजवण्याचा हुकूम दिला. त्या गजरात किंकाळ्या बुडाल्या आणि कोणाचे बोलणे कोणाला कळेना. जाग आणणारे साधनच गोंधळ माजवण्यासाठी वापरले गेले. खानाची बोटे तुटली, त्याचा पुत्र मारला गेला आणि पुढे औरंगजेबाने त्याला बंगालकडे पाठवले.

२२/
हे सौप्तिक होते काय? प्रश्न टाळण्याजोगा नाही. अंधारातल्या गोंधळात निःशस्त्र माणसेही मेली. पण दोन भेद नोंदवावे लागतात. अश्वत्थाम्याने युद्धाचा निकाल लागल्यानंतर सूडासाठी कत्तल केली. येथे प्रांत बळकावून बसलेल्या प्रचंड फौजेच्या सेनापतीवर अल्प माणसांनी घाव घातला. दुसरे म्हणजे, सैन्य संपवणे हा हेतू नव्हता. खानाला यापुढे पुण्यात निर्धास्त झोप लागू नये, हा परिणाम हवा होता आणि तो साधला.

२३/
डाव दर वेळी साधतोच असे नाही. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री सिंहगडावर कडा चढून माणसे वर गेली, पण गडावर गलबला झाला, झोपलेले जागे झाले आणि तुंबळ लढाई जुंपली. गड आला, तानाजी मालुसरे गेले. उलट १६७३च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठेक माणसांनिशी रात्री पन्हाळा घेतला. अंधारात कर्ण्यांच्या आवाजाने अर्धवट जागे झालेल्या शिबंदीला शत्रू किती आहेत हेच उमगले नाही. जयराम पिंड्ये यांचे ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ याच विजयावर रचलेले आहे.

२४/
जो दुसऱ्याची झोप हेरतो त्याला स्वतःची झोप राखावी लागते. मराठ्यांच्या गडांवर सूर्यास्तानंतर दरवाजे बंद होत. तटांवर चौकी-पहारे असत. गडाच्या घेऱ्यात रामोशी, महार, मांग, बेरड अशा समाजांतील माणसे रानवाटांवर नजर ठेवीत. गावगाड्यात तर ‘जागल्या’ नावाचे पदच होते. राखण करणाऱ्या माणसाचे नाव तलवारीवरून वा भाल्यावरून पडले नाही, जागे राहण्यावरून पडले. या भाषेला निद्रास्त्रावरचा उतारा कोणता वाटत होता, हे त्या एका शब्दात आहे.

२५/
मोगलांकडेही बंदोबस्त कमी नव्हता. ‘आईन-ए-अकबरी’त शाही छावणीतील आकाशदियाचे वर्णन आहे: ४० गज किंवा त्याहून उंच खांब, तो पेलणारे १६ दोर आणि टोकावर कंदील, म्हणजे अंधारात वाट चुकलेल्याला आपला तळ सापडावा. औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या प्रारंभी आलेला फ्रेंच प्रवासी बर्निये छावणीभोवती ठरावीक अंतरावर पेटणाऱ्या शेकोट्या आणि ‘खबरदार’ अशी आरोळी देणारे पहारेकरी यांविषयी लिहितो. खेळाच्या भाषेत हा ‘भूमीचा बंदोबस्त’ झाला.

२६/
१६८९ साली संभाजी महाराजांच्या वधानंतर हाच बंदोबस्त कसाला लागला. संताजी घोरपडे यांनी तुळापूरच्या बादशाही छावणीत रात्री शिरून बादशहाच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून नेले, असे बखरकार सांगतात. बखरीतील तपशील तपासूनच घ्यावेत. पण कथेचा रोख पाहण्याजोगा आहे. बादशहाचा प्राण नव्हे, कळस नेला. उत्तराने कौरवांची वस्त्रे नेली, त्याच जातीची ही कथा. महाराष्ट्राने ती शतकानुशतके जपली, कारण तिच्यात शत्रूची झोप कायमची चाळवल्याचे समाधान होते.

२७/
आता सोलापूरकडे. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षांहून अधिक काळ औरंगजेबाची मुख्य छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरी येथे होती. त्याने तिचे नाव इस्लामपुरी ठेवले. जवळच सोलापूर-मंगळवेढा मार्गावर माचणूरचा किल्ला आजही भीमेच्या पात्राकडे पाहत उभा आहे. दिल्लीहून हिंदुस्थान चालवणारे राज्य या काळात मंगळवेढ्याच्या परिसरातून चालत होते. शाही छावणी म्हणजे तंबूंचे फिरते शहरच: बाजार, कारखाने, हत्ती, उंट, कुटुंबकबिले.

२८/
या काळातील मराठी फौजांना एक राजधानी नव्हती, की जिला वेढून युद्ध संपवता येईल. राजाराम महाराज जिंजीला. संताजी, धनाजी आणि इतर सरदार कर्नाटकापासून खानदेशापर्यंत फिरते. शत्रू कोठेच नसल्याने तो कोठेही असू शकत होता. समोरासमोरच्या लढाईत मोगल तोफखाना भारी ठरे. पण तोफ जागरणावर चालत नाही. रसद, चारा, खजिना यांच्या प्रत्येक तांड्याला रात्रंदिवस पहारा लागत होता.

२९/
१६९९च्या ऑक्टोबरमध्ये औरंगजेब स्वतः किल्ले घेण्यासाठी निघाला. १७००च्या एप्रिलमध्ये सातारा आणि जूनमध्ये परळी त्याच्या हाती आली. पण पावसाने फौजेचे हाल झाले. शेवटी पर्जन्यछाया असलेल्या माणदेशाच्या बाजूला, खवासपुरास तळ पडला. मराठीत ‘छावणी’ हा शब्दच पावसाळ्यासाठी शाकारलेल्या तळाचा. फार दूर नसलेल्या पंढरपुरात आषाढी एकादशीला देव झोपी जातात आणि कार्तिकीला जागे होतात, असे मानतात. त्या मधल्या काळात सैन्येही विसावत.

३०/
माण ही वर्षातील बहुतेक काळ कोरडी असणारी नदी. तळ काठांवर आणि पात्रातही पसरला होता. वरच्या डोंगरात अवेळी मोठा पाऊस कोसळला आणि मध्यरात्रीच्या सुमारास पुराचा लोंढा झोपलेल्या छावणीवर आला. माणसे आणि जनावरे वाहून गेली. अनेक सरदार एका रात्रीत नागवे झाले. सर यदुनाथ सरकार यांनी हा प्रसंग नोंदवला आहे. शेकोट्या, आरोळ्या, आकाशदिये हे सारे माणसांपासून राखण करणारे होते. नदीवर कोणी पहारा ठेवला नव्हता.

३१/
किंकाळ्या ऐकून बादशहाला वाटले, मराठे छावणीत घुसले. तो घाईने उठला, अडखळून पडला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसवता आला नाही. उरलेले आयुष्य तो किंचित लंगडत चालला. दरबारी खुशमस्कऱ्यांनी सांत्वन केले, की हा तर तैमूरलंगाचा वारसा! ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ भिंगार येथे त्याचा मृत्यू झाला, तो दिल्लीला न परतताच.

३२/
पूर मराठ्यांनी आणला नव्हता, त्याचे श्रेय त्यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. पण मध्यरात्री आरडाओरडा ऐकताच हिंदुस्थानच्या बादशहाला पाऊस आठवला नाही, नदी आठवली नाही, मराठे आठवले. लाल महालापासूनच्या सदतीस वर्षांच्या छाप्यांनी जे घडवले होते ते हेच. कौटिल्याने सांगितलेली धास्ती आता शत्रूच्या अंगात मुरली होती. तिला चालवण्यासाठी एकाही घोडेस्वाराची गरज उरली नव्हती.

३३/
म्हणून झोपेच्या शस्त्राचा हिशेब किती झोपले, किती मेले, एवढ्यावर मांडता येत नाही. एकदा छापा बसला, की पुढची प्रत्येक रात्र प्रतिपक्षाला विकत घ्यावी लागते. खेळाच्या नियमकर्त्यांनी दोन-तीन वर्षांतच हे ओळखून मर्यादा घातली, कारण खेळ दोघांनाही खेळण्याजोगा राहिला पाहिजे. युद्धात असा पंच नसतो. तेथे मर्यादा स्वतःच स्वतःला घालावी लागते: भीष्माने नारदाचे ऐकले, अश्वत्थाम्याने कृपाचे ऐकले नाही, आणि परंपरेने दोघांची नोंद वेगवेगळ्या शाईने ठेवली.

३४/
माचणूरच्या तटावरून भीमा आजही दिसते. खवासपूरची माण आजही बहुतांश कोरडी असते आणि कधीतरी अवचित भरून येते. सोलापूर जिल्ह्यातील या दोन नदीकाठांवर एका बलाढ्य साम्राज्याने आपली अखेरची वर्षे जागून काढली. आश्विनातील पौर्णिमेला घरोघर कोजागरी साजरी होते. त्या रात्री लक्ष्मी विचारते, असे म्हणतात, की कोण जागे आहे? इतिहास त्या प्रश्नाला आणखी एक जोडतो: जो जागा आहे तो आपल्या इच्छेने जागा आहे, की भयाने?

समाप्त.